चुकीचे नाणे आणि बिघडलेले नाणे : ओळख व पारख



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे. पण त्यात गेलेला पैसा उसाच्या बिलाचाच आहे, म्हणून लिहिणे भाग पडले.

पहिला हप्ता जमा झाल्यावर चार दिवसांनी गट ऑफिसात एक जुने सभासद आले. नांगरटीत सापडलेले पाच रुपयांचे जाड नाणे त्यांनी टेबलावर ठेवले. रंग तांब्यासारखा लाल. म्हणाले, "साहेब, हे टांकसाळीत चुकून तांब्यात पडलंय म्हणत्यात. दोन लाख मिळत्यात." मोबाईलवरची जाहिरात बघून त्यांनी फोटो पाठवला होता आणि 'नोंदणी फी' म्हणून २,१०० रुपये भरूनही बसले होते. आता पुढचा माणूस कराचे ८,००० मागत होता. ते भरावेत का, एवढेच विचारायला ते आले होते.

उसाचे पान पिवळे दिसले की आपण लगेच रोग म्हणत नाही. बेण्यातून आले, का जमिनीतून, का पाणी साचून, हे आधी बघतो. नाण्याचेही तसेच आहे. दोष टांकसाळीत जन्मला की बाहेर आल्यावर लागला, हा एकच प्रश्न विचारायचा. त्यासाठी नाणे कसे पडते ते थोडक्यात पाहू.

आपल्या देशात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी आहेत. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, धुतात आणि त्यांची कड उचलतात. मग चकती एका कड्यात बसते आणि वरून-खालून दोन ठसे एकदम दाबले जातात. या कामात जे चुकू शकते तेवढीच टांकसाळीची चूक. त्यात न बसणारे बाकी सगळे बिघडलेले नाणे.

खरी चूक अशी ओळखावी :

१) कापलेली चकती. पट्टी नीट पुढे सरकली नाही तर कापणी आधीच्या भोकावर येते आणि चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा जातो. ठसा नंतर बसत असल्यामुळे त्या जागेजवळची अक्षरे ओढल्यासारखी दिसतात आणि बरोबर समोरच्या बाजूची कड बहुधा फिकी उठते. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षरे मध्येच तुटतात, घासल्याच्या रेघा दिसतात आणि समोरची कड ठणठणीत असते.

२) सरकलेला ठसा. चित्र एका बाजूला आणि उरलेला भाग कोरा. मात्र धातू कुठे गेलेला नसतो, म्हणून वजन पुरते भरते. घासून कोरे केलेले नाणे वजनात मार खाते.

३) उंच रेघ. साच्यात खाच असली तर विटेवर उंचवटा येतो. तसेच ठशाला तडा गेला की धातू त्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. नंतर पडलेला ओरखडा मात्र खोल असतो. उंच ते टांकसाळीचे, खोल ते बहुधा बाहेरचे, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले.

४) उलटे चित्र. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूला त्याचेच उलटे, खोल चित्र उमटते. काही लोक दोन नाणी शेगड्यात आवळून असे चित्र काढतात. त्यात मूळचे चित्र चेपलेले, पण अर्धवट शिल्लक दिसते. खऱ्या चुकीत त्या बाजूला मूळचे चित्र उमटलेलेच नसते.

आता फसवी लक्षणे. भोक, वाकणे, हातोड्याचा घाव आणि विस्तवात काळे पडणे या चुका नव्हेत. सालाखाली चौकट असली तर नाणे मुंबईचे, तारा असला तर हैदराबादचे, ठिपका असला तर नोएडाचे, आणि काहीच नसले तर कोलकात्याचे. ही खुणेची पद्धत आहे, दोष नव्हे. दहाच्या नाण्यावर रुपयाचे चिन्ह नसले तरी ते खोटे ठरत नाही. ते चिन्ह २०१० साली ठरले आणि नाण्यांवर २०११ पासून आले.

रंगावर तर मुळीच भुलू नये. पाचाच्या त्या जाड पांढऱ्या नाण्यात तीन हिस्से तांबे आणि एक हिस्सा निकेल असते. ओल्या, खारवट जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहिले की वरच्या थरातले निकेल निघून जाते आणि तांबे उघडे पडते. सभासदांचे नाणे आम्ही माती परीक्षण प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवले. असायला हवे ९ ग्रॅम, भरले ८.७. कडेला नांगराच्या फाळाचा ओरखडा होता आणि त्यात आत पांढरा धातू लखलखत होता. तांबडेपणा म्हणजे नुसती साल! मातीने खाल्लेले नाणे ते.

सभासद बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी पिशवीतली चिल्लर टेबलावर ओतली आणि म्हणाले, "मग ह्यो रुपया बघा, दुकानदार घेईना." स्टेनलेस स्टीलचा रुपया, एका बाजूला चंद्रकोरीएवढा कमी. वजन ४.८५ ग्रॅमऐवजी ४.४. समोरची कड फिकी, अक्षरे ओढलेली. ही मात्र टांकसाळीची अस्सल चूक होती! लाखाचे नाणे मातीचे निघाले आणि दुकानदाराने परत केलेले खरे निघाले. त्याचे लाख मिळणार नाहीत हेही आम्ही सांगितले. अशा नाण्यांना हौशी संग्राहक विचारतात, पण भाव बेताचा असतो.

शेवटी चार गोष्टी पाळाव्यात. नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये. त्याने किंमत वाढत नाही, उलट जाते. त्याच सालाचे, त्याच प्रकारचे चांगले नाणे शेजारी ठेवून ताडून बघावे. दाखवायचे तर माहितगार संग्राहकाला समक्ष दाखवावे. आणि जो विकत घेण्याआधी तुमच्याकडेच पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि त्यासाठी कसलीही फी घेत नाही. फसगत झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

सभासदांचे २,१०० गेले, पण ८,००० वाचले. तो कापलेला रुपया त्यांनी नातवाला ठेवायला दिला आहे. तुमच्याकडे असे एखादे नाणे असल्यास गट ऑफिसात जरूर आणावे. काटा आपलाच आहे, वजन करून देऊ.

— ऊस विकास अधिकारी