मुलाचा दमा आणि अंगणातला कचरा

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आठवड्याआड माझ्या दवाखान्यात येत असे. रात्रीचा खोकला, छातीत घरघर. पंप दिला, सिरप बदलून पाहिले. "डॉक्टरसाहेब, गॅस आला, चूल बंद केली, तरी पोराचा दम काही जात नाही," ती म्हणाली. मी शेतातल्या धुळीला दोष दिला. घरच्या कचऱ्याचे काय करता, हे विचारायला मला दोन महिने लागले, हे कबूल करतो. संध्याकाळी आजी अंगण झाडते आणि पालापाचोळा, पुड्या, पन्न्या, फाटकी चप्पल सारे एकत्र पेटवते. नातू तिथेच हात शेकत बसतो!

हिवाळ्यात थंड हवेमुळे धूर वर न जाता अंगणातच रेंगाळतो. त्यातले बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात आणि दम्याच्या रोग्याच्या श्वासनलिका आकसतात. प्लास्टिकचा धूर त्याहून वाईट. पाइप, रेक्झिन, वायरचे आवरण यांत क्लोरीन असते. अशा वस्तू उघड्यावर अर्धवट जळताना डायॉक्झिन नावाची विषे तयार होतात. ती शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे साठतात आणि त्यांतला सर्वांत घातक प्रकार कर्करोगाला कारण ठरतो.

दोष आजीचा नाही. तिच्या तरुणपणी सारा कचरा उकिरड्यावर कुजे आणि पावसाळ्याआधी धानाच्या बांधीत पडे. आता त्यात न कुजणाऱ्या वस्तू आल्या. शहरात घंटागाडी दारात येते, खेड्यात बहुधा येत नाही. मग माणूस काडी लावतो.

म्हणून खेड्याला नियमच नाहीत असे समजू नये. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार गावाची स्वच्छता हे ग्रामपंचायतीचे काम आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी तर प्लास्टिक गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवणे आणि ते उघड्यावर जाळू न देणे ही जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली. कचरा वेगळा करून देणे हे मात्र आपले काम. ग्रामसभेत हा विषय काढा. रस्त्याचा विषय निघतो, तसा हाही निघू शकतो.

घरी काय करावे? ओला कचरा, शेण, पालापाचोळा खड्ड्यात टाका. विहीर किंवा हातपंपापासून खड्डा निदान ५० फूट दूर हवा. जागा असेल तर पुसदच्या पांढरीपांडे यांची नाडेप टाकी बांधा: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांमध्ये हवेसाठी भोके. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. प्लास्टिक धुऊन, वाळवून पोत्यात भरा. ते पोते पावसात उघडे ठेवू नका, कारण साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जाड डब्यात ठेवून दवाखान्यात आणून द्या. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या कधीही जाळू नका.

आजीने जाळणे बंद केले. पोराचा पंप सुरू आहे, पण रात्री उठून बसणे थांबले. शेजारच्या अंगणात मात्र अजून धूर निघतो. त्या घरी रविवारी जाऊन येणार आहे.