हनोई ते होई आन: खाताना, फिरताना

आमच्या आर्किटेक्चरच्या वर्गातले काही जण जानेवारीत व्हिएतनामला जाऊन आलो. जुनी घरं बघायची, मोजायची, त्यांची रेखाटनं करायची, हे काम. उत्तरेत हनोई, मग मध्य भागातलं ह्युए, तिथून होई आन. परत आल्यापासून ज्युनिअर मुलं-मुली एकच विचारतात: तिकडे खायचं काय आणि फिरायचं कसं? त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी शाकाहारी आहे आणि सांगलीची आहे. या दोन्ही गोष्टींचा पुढे संबंध येतो.

१. सकाळी सहाला बाहेर पडा.

हनोई फार लवकर जागं होतं. सहाच्या सुमारास होआन कियेम तळ्याच्या काठी आजी-आजोबांचा व्यायाम रंगात आलेला असतो आणि गल्लीगल्लीच्या तोंडाशी फोची पातेली उकळत असतात. फूटपाथवर गुडघ्याएवढे प्लास्टिकचे स्टूल मांडलेले. ऑफिसला निघालेला माणूस, गणवेशातली शाळकरी मुलगी आणि बाजाराची पिशवी घेतलेली आजी, सगळे खांद्याला खांदा लावून वाडग्यात मान घालून बसलेले. अशा ठिकाणी बहुतेक वेळा एकच पदार्थ मिळतो, त्यामुळे काय घेऊ हा प्रश्नच नसतो. फोवाली बाई तांदळाच्या चपट्या शेवया लांब दांड्याच्या गाळणीत घेते, उकळत्या पाण्यात बुडवते, एक झटका देऊन वाडग्यात टाकते, वर मांसाचे कागदासारखे पातळ काप, कांद्याची पात आणि मग डावभर रस्सा. हे सगळं बोलता बोलता, हाताकडे न बघता. मी ते खाल्लं नाही, पण त्या वाफेत चक्रीफूल आणि दालचिनीचा वास होता आणि तो मला ओळखीचा होता. असणारच, कारण आपल्या बाजारात येणारं बरंचसं चक्रीफूल व्हिएतनाममधूनच येतं. चीनच्या सीमेवरचा लांग सन प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. नऊ-दहाला पातेलं संपतं, स्टूल एकात एक रचले जातात आणि त्याच जागी दुसरा कुणी दुसरंच काही विकायला बसतो. उशिरा उठणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

२. शाकाहारी असाल तर घाबरू नका, पण नीट विचारा.

घरून मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. रात्रीच्या रेल्वेत ती कामी आली, एरवी फारशी गरज पडली नाही. व्हिएतनाममधले अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मांसाहार करत नाहीत. त्यामुळे शाकाहारी खाणावळी प्रत्येक मोठ्या गावात आहेत. पाटीवर ‘कोम चाय’ किंवा ‘क्वान चाय’ लिहिलेलं शोधायचं, एवढंच; ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. साध्या हॉटेलात मात्र नुसतं ‘मटण-चिकन नको’ म्हणून भागत नाही. लसणाची फोडणी दिलेली पालेभाजी समोर येते, हिरवीगार दिसते, पण तिच्यातही न्युओक माम असू शकतं. छोटे मासे आणि मीठ पिंपांत महिनोन्‌महिने मुरवून काढलेला हा रस तिथल्या स्वयंपाकात जवळजवळ सगळीकडे असतो. आम्ही ‘चाय’ हा एक शब्द पाठ केला आणि फोनवर एक वाक्य त्यांच्या भाषेत लिहून ठेवलं: मांस नको, मासे नको, माशाचा रसही नको. ते वाचून बायका मान डोलावायच्या आणि आत जाऊन वेगळी कढई घ्यायच्या.

खरी मजा ह्युएमध्ये. ही न्युएन राजांची जुनी राजधानी, देवळं आणि मठांचं गाव, त्यामुळे शाकाहारी स्वयंपाकाची परंपरा तिथे मुरलेली आहे. तिथे मी कोवळ्या फणसाची कोशिंबीर खाल्ली: शिजवून हाताने तोडलेला फणस, भाजलेले शेंगदाणे, तीळ, रानतुळशीसारख्या वासाचा पाला, सोबत तीळ लावून भाजलेला तांदळाचा मोठा पापड. तो मोडायचा आणि त्यानेच फणस उचलून खायचा. केळफुलाचंही तसंच. आपण केळफूल चिरून, ताकाच्या पाण्यात ठेवून, शिजवून भाजी करतो. तिथे ते केसासारखं बारीक चिरून, लिंबाच्या पाण्यात ठेवून कच्चंच कालवतात. माझ्या आजीला हे सांगितलं तर तिने आधी सुरी किती धारदार होती ते विचारलं. अगदी बरोबर प्रश्न आहे तो. सगळं कसब त्या चिरण्यातच आहे.

३. पाल्याची थाळी शोभेची नसते.

जेवणासोबत एक ताटभर कच्चा पाला येतो: पुदिना, कोथिंबीर, लेट्यूस, जांभळ्या पाठीची पानं. माझ्या मैत्रिणींनी पहिल्या दिवशी तो बाजूला सारला. शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी उठून, एक शब्द न बोलता, तो कसा खायचा ते हाताने करून दाखवलं. होई आनला बान्ह सेओ खाल्लं तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध; दिसायला आपलं धिरडंच, पण कडा कुरकुरीत आणि पोटात मोड आलेले मूग. शाकाहारी असेल तर मशरूम. त्याचा तुकडा पानात ठेवायचा, वर दोन-तीन प्रकारचा पाला, गुंडाळी करून चटणीत बुडवायची. तेलकट, गरम, गार, तुरट, सगळं एका घासात. पाला काढला तर ते नुसतं तळण उरतं.

४. रस्ता ओलांडताना पळू नका.

हनोईत स्कूटरींचा लोंढा थांबत नाही. एकाच संथ वेगाने, सरळ चालत राहायचं. चालवणारे तुमचा वेग बघून आपली वाट ठरवतात. मध्येच थबकणं किंवा मागे फिरणं हेच धोक्याचं. बस आणि मोटारींना हा नियम लागू नाही, त्यांना जाऊ द्या.

५. पैशांचं.

आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला साधारण तीनशे डोंग पडत होते. किमतीतली शेवटची तीन शून्यं सोडायची आणि उरलेल्या आकड्याला सव्वातीनने गुणायचं, म्हणजे रुपये कळतात. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर आहेत. त्या पाकिटात वेगवेगळ्या ठेवा.

६. ह्युएहून होई आनला जाताना दा नांगपर्यंत रेल्वेनेच जा, आणि डाव्या बाजूला बसा.

हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग देशाला उभा जोडतो. मीटर गेज आहे, गाडी संथ आहे. पण ह्युएच्या दक्षिणेला हाय वान घाट लागतो आणि रूळ डोंगराच्या अंगाला चिकटून समुद्रावर येतात. दक्षिणेकडे जाताना समुद्र डावीकडे. बोगद्यातून बाहेर आलं की खाली पांढरी पुळण, पुन्हा बोगदा, पुन्हा समुद्र. आमच्यातल्या काहींना बसने लवकर पोचायचं होतं. बरं झालं सोबतच्या सरांनी ऐकलं नाही. डब्यात एक बाई ढकलगाडीवरून उकडलेली मक्याची कणसं विकत होती. ती खात, खिडकीला नाक लावून गेलेला तो प्रवास मला कुठल्याही वास्तूइतकाच आठवतो.

७. खाण्याच्या शोधात घरं बघायची राहू देऊ नका.

होई आनचं जुनं बंदर १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. लोक तिथे कंदील बघायला जातात आणि काओ लाऊ नावाच्या जाड शेवया खायला. दोन्ही करा. पण तान की हे जुनं व्यापाऱ्याचं घर जरूर बघा. अरुंद, लांबलचक, एका रस्त्यावर दुकान, मागचं दार नदीकाठच्या रस्त्याला, मध्ये उजेडाचा चौक. त्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत, प्रत्येक खुणेपुढे वर्ष. १९६४ची सगळ्यात वर होती, माझ्या डोक्याच्याही वर. थु बोन नदी दर काही वर्षांनी घरात येते, हे त्या माणसांनी धरूनच ठेवलंय. तिथल्या जुन्या घरांत माडीच्या तक्तपोशीला झडप ठेवलेली असते. पाणी चढायला लागलं की दोर आणि कप्पी लावून खालचा माल, सामानसुमान त्यातून वर ओढायचं. पाणी ओसरलं की चिखल धुऊन पुन्हा दुकान मांडायचं.

मी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी होते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात आलं तेव्हा मी शाळेत होते. कपाटं, गाद्या, धान्य, बाबांच्या हिशेबाच्या वह्या, सगळं खालीच राहिलं, कारण वर न्यायला जागा होती पण वाट नव्हती. जिना अरुंद, आणि त्यातही माणसांचीच घाई. नंतर प्रत्येक घरात भिंतीवरचा तो डाग खरवडून वर रंग दिला गेला. आमच्याकडेही दिला.

तान कीच्या झडपेचं रेखाटन माझ्या वहीत आहे. होई आनमधल्या आणखी दोन घरांचीही मापं आम्ही घेतली: झडपेची लांबी-रुंदी, कप्पी कुठल्या तुळईला अडकवतात, तिच्यावर किती भार पडतो. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी सांगलीचा गावभाग निवडलाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथले जुने वाडे मोजायचे आहेत. कुणाच्या माळ्याला पूर्वी अशी वाट होती का आणि ती कधी बुजवली, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आहे. मोजायला मदतीला कुणी ज्युनिअर येणार असेल तर जेवणाची सोय आमच्या घरी आहे.