पित्तरसाचे कार्य आणि सिकलसेल

जेवणानंतर छातीत जळजळ झाली की "पित्त झाले" असे आपण म्हणतो. ती जळजळ बहुधा जठरातील आम्लाची असते. खरे पित्त तयार होते ते यकृतात. हिंगणा परिसरातील समाजबांधवांना व विद्यार्थी मित्रांना त्याची नीट ओळख व्हावी, या हेतूने हा लेख आम्ही सादर करीत आहोत.

यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. पोट रिकामे असताना त्यातील बराचसा भाग पित्ताशयात साठतो. या पिशवीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर रस मावतो. परंतु त्यातील पाणी शोषले गेल्याने तो दाट होतो. आपण तर्री-पोहे खाल्ले की त्यातील तेल लहान आतड्याच्या सुरुवातीस पोहोचते. तेथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते. त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते, पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल होतो आणि पित्त आतड्यात उतरते.

साबणाने तेलकट भांडे निघते, तसेच काम पित्तक्षार करतात. ते तेलाचे बारीक थेंब करतात. मग स्वादुपिंडातील पाचकरस त्यांचे पचन करतो. काम संपल्यावर पित्तक्षार वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सुमारे ९५ टक्के क्षार शोषले जाऊन रक्तावाटे यकृतात परततात. शरीरातील साठा अवघा २ ते ४ ग्रॅम. पण तोच दिवसातून अनेकदा फिरतो. मलावाटे गेलेली तूट यकृत कोलेस्टेरॉलपासून भरून काढते.

पित्ताचा पिवळा रंग बिलिरुबिनचा. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवसांनी मोडतात व त्यातून हा रंग तयार होतो. सिकलसेलच्या रुग्णात मात्र या पेशी १० ते २० दिवसांतच मोडतात. रंग वाढतो, डोळे पिवळसर दिसतात आणि पित्ताशयात काळे खडे होऊ शकतात, तेही लहान वयात. १९५८ साली डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांच्या 'लॅन्सेट'मधील टिपणाने मध्य भारतातील या दोषाकडे लक्ष वेधले. विदर्भात आदिवासी व बौद्ध समाजात त्याचे प्रमाण अधिक आहे, म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

डोळे पिवळे दिसले की कावीळ उतरवून घेण्यासाठी धावाधाव होते. त्यात मोलाचा वेळ जातो. उजव्या बरगडीखाली दुखणे, ताप, गडद लघवी, पांढुरकी शौच ही लक्षणे दिसताच रुग्णास दवाखान्यात न्यावे. खडा सोनोग्राफीत दिसतो. पित्ताशय काढावे लागले तरी घाबरू नये. यकृत पित्त बनवीतच राहते व ते थेट आतड्यात येते.

पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक असणे हा आजार नव्हे, त्यात लाज नाही. तेव्हा लग्न ठरविण्यापूर्वी मुला-मुलीने रक्ततपासणी करून घ्यावी, एवढीच आमची सर्वांना कळकळीची विनंती.