दुधाची ॲलर्जी आणि शेळीचं दूध

वरचं दूध दिल्यावर बाळाच्या अंगावर पित्त उठलं की घरोघरी पहिला सल्ला मिळतो तो शेळीच्या दुधाचा. वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या गिरडसारख्या गावात शेळी स्वतःच्या नाही तर शेजारच्या गोठ्यात सापडतेच. सेवाग्रामही आपल्याच जिल्ह्यात, म्हणून गांधीजींचा दाखला तयार असतो. गांधीजी शेळीचं दूध घेत हे खरं, पण ते गाई-म्हशीचं दूध न घेण्याच्या व्रतामुळे. १९१८ साली सुरू झालेल्या लांबलेल्या आजारपणात हे व्रत शेळीच्या दुधाला लागू होत नाही, असं कस्तुरबांनी सुचवलं आणि गांधीजींनी ते घ्यायला सुरुवात केली. ॲलर्जीचा तिथे काही संबंध नव्हता.

ॲलर्जी होते ती दुधातल्या प्रथिनांची, मुख्यतः केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन यांची. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली ही प्रथिनं इतकी सारखी असतात, की गाईचं दूध न सोसणाऱ्या दहातल्या नऊहून जास्त मुलांना शेळीचंही सोसत नाही. त्यात शेळीच्या दुधात फॉलिक ॲसिड फार कमी. केवळ त्यावर वाढवलेल्या बाळाला रक्तक्षय होऊ शकतो. देशी गाईच्या दुधाबद्दलही अशीच समजूत आहे. आपल्या वर्धा जिल्ह्याची गवळाऊ गाय गुणी आहे, तिचा अभिमान मलाही आहे, पण तिच्या दुधातही केसीन आहेच. दूध कितीही उकळलं तरी केसीन टिकून राहतं. दारावर येणारं गाढविणीचं कच्चं दूध तर बाळाच्या ओठांना लावूच नका. कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होतो.

ही ॲलर्जी दोन तऱ्हेने दिसते. एक लगेचची: दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, कधी श्वास लागतो. बरेचदा ती उष्टावणाच्या खिरीनंतर पहिल्यांदा लक्षात येते. दुसरी उशिराची: काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी शौचातून शेंब आणि रक्ताचे धागे, न हटणारी हगवण, अंगभर चिघळणारा इसब, न वाढणारं वजन. पहिल्या तऱ्हेत त्वचेची किंवा रक्ताची तपासणी उपयोगी पडते. दुसरीत पडत नाही. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीत दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करायचं आणि मग पुन्हा देऊन पाहायचं, हीच खरी परीक्षा. पुन्हा देऊन पाहण्याची पायरी बहुतेक घरांत गळते आणि ॲलर्जी नसलेलं मूलही वर्षानुवर्षं दुधावाचून राहतं. लगेचची ॲलर्जी असेल तर मात्र ही परीक्षा घरी कधीच करू नये.

जुलाबानंतर काही दिवस दूध न पचणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे दुधातली साखर पचत नाही, आतडं सावरलं की तक्रार आपोआप जाते. तान्ह्या बाळाचं नुसतं रडणं किंवा दूध टाकणं म्हणजेही ॲलर्जी नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आईचं दूध थांबवू नका. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांत ही ॲलर्जी फारच थोड्यांना होते, आणि झाली तरी बाळाचं दूध न तोडता आईने स्वतःच्या जेवणातून दूध, दही, ताक, पनीर, खवा काढायचा असतो. तेही डॉक्टरांनी निदान केल्यावरच. शेजारणीच्या सांगण्यावरून बाळंतिणीचं ताट रिकामं करू नये. त्या काळात तिला तीळ, जवस, डाळी, अंडी, शेवग्याचा पाला द्या. सरकारी आरोग्य केंद्रातून बाळंतिणीला कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या चुकवू नका. आईचं दूध खरोखरच नसेल, तर प्रथिनं आधीच तोडलेली खास पावडर लागते. ती महाग आहे, म्हणून निदान पक्कं झाल्याखेरीज घेऊ नये आणि घेतली तर पैसे वाचवायला पातळ करू नये.

मूल खायला लागलं की छुपं दूध सांभाळावं लागतं. बिस्किट, पाव, चॉकलेट, दुधात कालवलेली पिठं. पाकिटबंद पदार्थावर दुधाचा उल्लेख करणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा पाकीट वाचा. तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो. लगेचची ॲलर्जी असलेल्या मुलाला तेही विचारूनच द्या. गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला किंवा देवळात गेल्यावर मायेने कुणी पेढा भरवतं, त्या माणसाला आधी सांगून ठेवा. अंगणवाडी ताईंनाही सांगा.

दूध पोटात गेल्यावर श्वास घरघरला, आवाज बसला, मूल मलूल पडलं किंवा एकाच वेळी अंगावर पित्त उठून उलट्या सुरू झाल्या, तर ॲलर्जीचं औषध पाजून वाट पाहू नका. मुलाला आडवं ठेवा, धाप असेल तर मांडीवर बसवा, चालवू नका, १०८ ला फोन करा. प्राण वाचवणारं औषध ॲड्रेनॅलिन, मांडीत दिलं जाणारं इंजेक्शन. गिरडहून सेवाग्रामचं रुग्णालय काही हाकेच्या अंतरावर नाही; म्हणून इंजेक्शन जिथे सर्वांत लवकर मिळेल त्या दवाखान्यात आधी पोहोचा, पुढचं मोठं रुग्णालय नंतर.

ही ॲलर्जी बहुधा जन्माची नसते. बहुतेक मुलं तीन ते पाच वर्षांची होईतो दूध पचवू लागतात, उशिराच्या तऱ्हेची त्याहून लवकर. म्हणून दर सहा-बारा महिन्यांनी तपासून घ्या, वजन-उंचीची नोंद ठेवा. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं आईचं दूध ॲलर्जीच्या नावाखाली बंद करायला कुणीही सांगितलं, तर ते बंद करण्यापूर्वी बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे जरूर दाखवा.