वूफर, वाळवी आणि पावसाळा

पिंगुळीचं नाव घेतलं की लोक चित्रकथी विचारतात, कळसूत्री बाहुल्या विचारतात, राऊळ महाराजांच्या मठाची वाट विचारतात. आमच्या पडवीचा पत्ता विचारतो तो एखादा स्पीकरचा खोका काखोटीला मारून आलेला माणूसच. तो दारात दिसला की आमच्या सौभाग्यवती न बोलता चहाचं आधण ठेवतात, आणि त्या न बोलण्यात पुष्कळ काही असतं. जुने स्पीकर दुरुस्त करण्याच्या या नादात जे उमगत गेलं ते असं.

१. जुना स्पीकर वाजून मरत नाही, न वाजता मरतो. आमच्याकडे बरेचसे खोके चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेले, लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून घेतलेले. चतुर्थीला पाच दिवस दणदणायचं आणि मग वर्षभर प्लॅस्टिक पांघरून कोपऱ्यात बसायचं. प्लॅस्टिकच्या आत ओल कोंडते. वूफरच्या कोनाभोवतीची फोमची कड दमट हवेत आपसूक विरघळत जाते. पंधरा-वीस वर्षांनी बोट लावलं की काकवीसारखी चिकटते. गंमत अशी की त्याहून जुने, कापडी किंवा कागदी कडांचे स्पीकर अजून ठणठणीत असतात. फार पूर्वी तर कडा मऊ चामड्याच्या असायच्या. चामड्याच्या बाहुल्या नाचवणाऱ्या गावाचा मी. कडांबद्दलचं हे वाचल्यावर मला उगाचच अभिमान वाटला. आता माझ्याकडच्या खोक्यांवर जुनं सुती लुगडं असतं, आणि आषाढातही रोज थोडा वेळ ते वाजतात. कौलांवरच्या पावसात ते कोणाला ऐकू येत नाहीत ही गोष्ट वेगळी.

२. ‘सुधारणा’ हा हावरट प्रकार आहे. वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधले जुने कंडेन्सर वय झालं की आपली मूळ किंमत सोडून भरकटतात, ते बदलावेच लागतात. पण बदलायचेच आहेत तर महागातले फिल्मचे घालू, असं मन म्हणतं. घातले की ट्वीटर एकदम चुरचुरीत बोलायला लागतो आणि दोन दिवस आपण खूश असतो. तिसऱ्या दिवशी कान दुखतात. कारण जुन्या कंडेन्सरच्या अंगातच थोडा रेझिस्टन्स असतो आणि बनवणाऱ्यानं तो हिशेबात धरलेला असू शकतो. मग ओहमभराचा, कधी अर्ध्या ओहमचा रेझिस्टर ओळीत जोडून आपण पैसे खर्चून घालवलेला दोष पैसे खर्चूनच परत आणतो.

३. खोका रिकामा आहे ही फक्त माणसांची समजूत. मागच्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर बांधते, झुरळं वायरींच्या मागे संसार थाटतात, आणि भुशाच्या फळीचा खोका असला तर वाळवी तळापासून सुरुवात करते. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये अशा भोकाच्या खोक्यांचं गणित मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते पुढे नेलं. भोकाची रुंदी आणि नळीची लांबी यांवर खोक्याचा खर्ज ठरतो. आमच्या कुंभारमाशीनं हे दोघे वाचलेले नाहीत. ती भोक अर्धं बुजवते, खर्ज गुदमरतो, आणि मालक अँप्लिफायर बदलायला निघतो.

४. दीड व्होल्टच्या सेलइतकं प्रामाणिक उपकरण माझ्याकडे दुसरं नाही. लाल टोकाला सेलचं अधिक टोक क्षणभर टेकवायचं. कोन बाहेर आला तर जोडणी सुलटी. दोन खोक्यांपैकी एक बाहेर आणि एक आत गेला, तर दोघे मिळून खर्ज खाऊन टाकतात. जेबीएलचे पुष्कळ जुने स्पीकर मात्र मुळातच उलटे, लाल टोकाला अधिक दिलं की आत जाणारे; तिथे जोडी एका मताची असली की पुरे.

५. कड बदलणं हे हातापेक्षा श्वासाचं काम आहे. आधी मधली टोपी ब्लेडनं अलगद सोडवायची. आत कॉइल आणि मॅग्नेटच्या मधल्या दांड्यामध्ये मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते. कोन नेमका मधोमध राहावा म्हणून त्या फटीत चहूबाजूंनी पातळ पट्ट्या खोचायच्या, नवी कड चिकटवायची, गोंद वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पट्ट्यांना फोटोच्या निगेटिव्हसारखी दुसरी चीज नाही. आमच्या लग्नाच्या निगेटिव्ह अशा कामी आल्या. घरात हे कळलं तेव्हा मी कॉइल जळालेल्या वूफरइतका गप्प होतो. पट्ट्या काढल्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हळूच आत दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. खरखर नसेल तरच टोपी परत लावायची.

६. स्पीकरचा सगळ्यात मोठा भाग खोक्याबाहेर असतो. हे कळायला मला भावाचं घर लागलं. आमचं जुनं घर चिऱ्याचं, वर उतरती मंगलोरी कौलं, अर्धवट माळा, माळ्यावर गोधड्यांची चळत, कोपऱ्यात भाताची पोती. आवाज जातो, कुठेतरी अडतो, मुरतो, परत येतो तो सौम्य होऊन. भावानं शेजारी स्लॅबचं घर बांधलं. गुळगुळीत भिंती, गुळगुळीत टाइल्स. माझ्या खोक्यांची एक जोडी तिथे नेली आणि मृदंगाच्या जागी पिंप वाजायला लागलं. टाळी वाजवली तर समोरासमोरच्या भिंतींत ती थरथरत राहिली. अकरा फुटी खोलीत पन्नास हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतो. त्याला कोणतीही नवी कड, कोणताही कंडेन्सर काही करू शकत नाही. खोके भिंतीपासून हातभर पुढे ओढले, कोपऱ्यात गुंडाळलेली गादी उभी केली, गोधड्या आणून टांगल्या. फुकटात झालं. चतुर्थीला गोधड्या पाहुण्यांना द्याव्या लागतात, पण पाहुणेही आवाज शोषतात, त्यामुळे हिशेब जुळतो.

७. परीक्षेला संगीत नको, बोलणारा माणूस हवा. हौशी लोक परदेशी तबकड्या लावतात. मी मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ नाटकाची कॅसेट लावतो. त्यांचा तो मालवणी हेल, एकमेकांवर आदळणारे संवाद, मागून येणारा हशा. बोलणं धड कळलं तर मधला पट्टा ठीक. शेजारच्या आजींना एकदा नवा जुळवलेला संच कौतुकानं ऐकवला. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, “आवाज बरो आसा रे, पण बोलता काय तां कळणा नाय.” पुस्तकात ज्याला आलेख लागतो ते एका वाक्यात झालं. रात्री ट्वीटरची वायर परत सोडवली.

८. कान हाही जुनाच माल आहे, आणि त्याच्या कडा बदलून मिळत नाहीत. परवा फोनवरून चढत्या पट्टीचा सूर सोडून मी जाहीर केलं की डावा ट्वीटर बारा हजार हर्ट्झच्या पुढे मुका आहे. नातू कानावर हात ठेवून ओरडला, “आजोबा, बंद करा!” दोन्ही ट्वीटर उत्तम होते. तेव्हापासून वरच्या सुरांची तपासणी त्याच्याकडे आहे. एका जोडीला एक आइस्क्रीम असा दर होता. आता तो म्हणतो, ट्वीटर दोन असतात.