‘काइंडली डू द नीडफुल’ लिहावं का?

प्रश्न: माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. परदेशी ग्राहकांना ईमेल लिहिताना माझं इंग्रजी पुरेसं औपचारिक वाटत नाही. काय करू?

उत्तर: जड शब्द वापरले म्हणजे आदर दिसतो, असं नाही. ‘काइंडली डू द नीडफुल’ हा जुन्या ब्रिटिश कचेऱ्यांचा वारसा. तिकडे तो आता कालबाह्य वाटतो. सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी तर १९४८ मध्येच ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहून ब्रिटिश अधिकाऱ्यांना साधं लिहायला सांगितलं. नेमकं काय हवं तेच विचारा: ‘कुड यू प्लीज सेंड द साइन्ड कॉपी बाय फ्रायडे?’ मराठीत ‘पाठवाल का?’ म्हटलं की क्रियापदातच आदर येतो. इंग्रजीत ते काम ‘कुड’ करतं. नुसतं ‘प्लीज सेंड’ हुकमासारखं वाटू शकतं. आणि उत्तर मागताना ‘रिव्हर्ट’ नको, ‘रिप्लाय’ लिहा. भारताबाहेर अनेकांना ‘रिव्हर्ट’चा अर्थ पूर्वस्थितीला जाणं एवढाच ठाऊक असतो.