अडीचची केबल

आमची विहीर मळीच्या रानात आणि मीटरपेटी वर रस्त्याकडेला. गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. मधलं अंतर 300 मीटर, पण ते टेपनं मोजलं दोन मोटरी जळाल्यावर.

केबल घेताना दुकानात एवढंच विचारलं, "साडेसातच्या मोटरीला कुठली?" उत्तर आलं, "तांब्याची अडीच स्क्वेअर. वीस अँपिअर सहज पेलते." आमची मोटर तेरा अँपिअरची, म्हणजे हिशोब चोख! केबल हाताला कधी गरम लागली नाही, म्हणून तिच्यावर संशयही आला नाही. रिले मात्र सारखा ट्रिप व्हायचा. रात्रपाळीची लाईट, ऊस तहानलेला. वैतागून मीच रिलेचा काटा पुढं सरकवला. ही चूक दुकानदाराची नाही, माझी.

दुसरी मोटर कराडला रिवाइंडिंगला नेली. मिस्त्रींनी कॉइल उघडून दाखवली, तिन्ही फेज सारखेच कोळसा झालेले. "एक फेज गेला असता तर एखाद-दुसरीच बाजू काळी पडली असती, दादा. हिला दाब कमी मिळतोय. विहिरीवर व्होल्ट मोजले का?"

मोजले होते की! पण मोटर बंद ठेवून. तेव्हा दोन्हीकडं 410 दाखवायचे. भरून आणलेली मोटर सोडली, ती चालू असताना पुन्हा मोजले तर स्टार्टरपाशी 398 आणि विहिरीवर 354. करंट वाहायला लागल्याशिवाय केबल व्होल्ट खात नाही, हे मला पन्नाशीत कळलं. तेही किर्लोस्करवाडीच्या शेजारी राहून, जिथं 1910 पासून कारखाना आहे! दाब पंधरा टक्क्यांनी उतरला की मोटरीचा जोर चौथाईहून जास्त उतरतो. मग ती जादा करंट ओढते आणि आतून भाजते.

केबल किती अँपिअर पेलते हा अर्धाच प्रश्न. लांब रानात अंतराचा हिशोब आधी करा. एक स्क्वेअर तांब्याच्या शंभर मीटर तारेला साधारण 1.8 ओहम धरा. त्याला अंतराच्या शेकड्यानं गुणा, केबलच्या स्क्वेअरनं भागा. आलेल्या आकड्याला अँपिअर आणि 1.73 नं गुणलं की थ्री फेजला किती व्होल्ट गळतात ते कळतं. अडीचला माझे 48 आले. सहाला 20, दहाला 12. हा हिशोब थोडा चढाच येतो, पण चढा असलेला बरा. गळती वीसच्या आत ठेवायची. ॲल्युमिनियम घेणार असाल तर त्याच मापाला दीडपटीहून जास्त गळती धरा.

मी दहा स्क्वेअर टाकली, रिले परत तेराच्या खुणेवर आणला. केबलचे पैसे खुपले, पण दोन वेळच्या रिवाइंडिंगची पावती अजून खिशात होती.

परवा शेजारचे आबा जुनी अडीचची केबल मागायला आले, साडेसातच्याच मोटरीसाठी. मी आधी टेप घेऊन त्यांच्या बांधावर गेलो. 40 मीटर भरलं. म्हटलं, न्या खुशाल.